मेंढरांमागे गेलेला शिपाई

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि कपातला चहा संपवून घ्या. मागे एकदा हा किस्सा ऐकताना एकाला असा ठसका लागला की त्याची पाठ चोळता चोळता माझं सांगणं अर्ध्यावर राहिलं.

गाढवपणा कुणाच्या हातून होत नाही? पण तुमचा गाढवपणा घरगुती असतो. माझा सरकारी होता. तीन प्रतींत, शिक्क्यासकट!

मोठी लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. मी सोलापुरात एका कचेरीत नवा कारकून लागलो होतो. लढाईवर गेलेल्या शिपायांना सरकारकडून पदकं मिळायची होती, त्यांचे अर्ज भरून वर पाठवायचे, हे आमचं काम. कुणाला कुठलं पदक, कुणाला नाही, याचं एक पातळसं इंग्रजी पुस्तक होतं. बाकीचे कारकून त्याच्यावर चहाचा पेला ठेवायचे. मी ते पाठ केलं. हो, पाठ! लोक सकाळी उठून स्तोत्रं म्हणतात, मी कलमं म्हणायचो. आमच्या मंडळींनी माहेरी पत्रात लिहिलं होतं, ‘सर्व क्षेम आहे, पण इकडून झोपेत फितींविषयी बोलणं होतं.’

बोलणं होणार नाही तर काय? विद्याच तशी होती. ठरल्या मुदतीच्या आत रणभूमीवर पाऊल ठेवलं असेल तर ‘तारा’, ताऱ्याच्याच आकाराचं पदक. मुलूख सोडून लढाईच्या कामावर गेला असेल तर चांदीचं पदक. मग जिंकल्याचं एक, त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची. त्या फितीवर एक बारीक पान लावायला मिळायचं, पण सेनापतीच्या खलित्यात नाव आलं असेल तरच. आणि सगळ्यांत मानाचं म्हणजे ताऱ्याच्या फितीवरचं चांदीचं चिमुकलं गुलाबाचं फूल! ते फक्त लढाईच्या पहिल्या काही महिन्यांत फ्रान्सात, शत्रूच्या तोफेच्या टप्प्यात उभा राहिला त्याला. बसऱ्याला गेलेल्याला नाही, आफ्रिकेत गेलेल्याला नाही. फ्रान्स म्हणजे फ्रान्स.

आता असलं काही डोक्यात गेल्यावर माणूस सरळ वागेल का?

भवानी पेठेत आमच्या बिऱ्हाडाला लागून इमाम हवालदार राहायचे. पेन्शनीत निघालेले, मिशा पिळदार, स्वभाव लोण्यासारखा. पेठेतल्या एका लग्नात ते पलटणीचा कोट घालून पंगतीला बसले होते. कोटावर फीत आणि फितीवर काय? फूल! माझ्या हातातला घास पानात पडला.

“हवालदार, तुम्ही फ्रान्सला होता?”

“नाही बाबूजी. बसऱ्याला.”

“मग हे फूल कसलं?”

“हे व्हय? घरवालीनं जरीच्या दोऱ्यानं शिवलं. म्हनली, फीत बोडकी दिसते.”

“काढा.”

“आत्ता? जिलेबी तर येऊ द्या की.”

“नियम म्हणजे नियम!”

बिचाऱ्यांनी दातानं दोरा तोडला आणि ते फूल माझ्या तळहातावर ठेवलं. “घ्या. सरकारजमा करा,” म्हणाले. आणि तुम्हाला सांगतो, मी खरंच केलं! दुसऱ्या दिवशी एका पाकिटात घातलं, पाकिटावर लिहिलं ‘अनधिकृत फूल, नग एक’, आणि माझ्या मेजाच्या खणात ठेवून दिलं.

अशा या विद्वानापुढे एका सोमवारी बायजाबाई येऊन बसली.

मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका धनगरवाडीची. साठीच्या पुढची, उन्हानं रापलेली, हातात काठी. निम्मी वाट गाडीनं, मग नावेतनं भीमा ओलांडून, राहिलेली पायी, अशी दोन दिवसांची वाट करून आली होती. कमरेच्या पिशवीतनं तिनं चिंधीत गुंडाळलेला एक कागद काढला. घड्यांवर फाटलेला. पलटणीकडून आलेला. त्यात तिच्या मुलाचं नाव होतं, आणि पुढे लिहिलं होतं: बेपत्ता, मृत समजावा.

“साहेब, माज्या बिरूचा बिल्ला द्या.”

मी वारसाचा फॉर्म काढला, तिचा अंगठा शाईत बुडवला, आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवायला लागलो. “मयत शिपायाचे नाव…”

“मयत म्हंजी?”

“म्हणजे… वारलेला.”

अंगठा कागदाला टेकला होता, तो तिनं चटका बसावा तसा ओढून घेतला. फॉर्मच्या कोपऱ्यावर शाईचा एक फराटा उमटला.

“मग ह्यो कागुद माजा न्हाय.”

“अहो मावशी, आठ वर्षं झाली!”

“व्हय की. म्हनून काय झालं?”

“पत्र नाही, निरोप नाही…”

“आमच्यात बापयमानसं मेंढरांमागं जात्यात, आठ-आठ म्हैनं त्येंचा निरूप नसतोय. म्हनून घरी कुकू पुसतोय व्हय आमी? न्हाय दिसत म्हंजी लांब गेलाय. येवडंच.”

“पण ही मेंढरं नव्हती, लढाई होती!”

“त्ये तुमाला ठावं. मला जाताना ‘येतो’ म्हनला हुता.”

आता याला कुठलं कलम लावायचं? पेन्शनच्या कागदावरही याच एका शब्दापायी तिनं अंगठा दिला नव्हता, हे मला मागाहून कळलं.

“मग बिल्ला तरी कशाला हवाय मावशी?”

मग तिनं आपला शाईचा अंगठा बोटांवर चोळला आणि म्हणाली, “आमच्या गावात येका पोराचा आलाय. त्येच्या कडंला नाव कोरल्यालं असतंय. बोटाला लागतंय. मला वाचाया येत न्हाय साहेब, पर बोटाला तर कळंल की. घरात त्येचं कायबी न्हाय ऱ्हायलं. येक काटी हुती, ती बी किडीनं खाल्ली.”

खरं सांगतो, तोवर पदक म्हणजे माझ्या लेखी कलम आणि पोटकलम होतं. त्याच्या कडेला कुणाचं तरी नाव असतं हे मला पाठ होतं, पण ते कुणी बोटानं वाचायला मागेल असं वाटलं नव्हतं.

आणि मग मला सुचलं! मला काहीतरी सुचलं की आमच्या घरात सगळे सावध होतात. तेव्हा मात्र सावध करायला कुणी नव्हतं.

दुसरा एक फॉर्म होता. शिपाई हयात आहे पण हजर राहू शकत नाही, अशा वेळी त्याचं पदक घरच्या माणसानं घेऊन जायचं. त्यात ‘मयत’ हा शब्दच नव्हता! फक्त एक रकाना होता: सध्याचा ठावठिकाणा. मी टाक झटकला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, ‘मेंढरांबरोबर रानात गेला आहे. परत आल्यावर हजर होईल.’

वाचून दाखवलं. बायजाबाईचा चेहरा असा उजळला की काय सांगावं! तिनं दणकून अंगठा दिला. दारापर्यंत जाताना तीनदा वळून बघितलं. मला वाटलं, आज आपण नुसते कारकून नाही राहिलो.

दोन महिन्यांनी आमच्या हेडक्लार्कांनी, तात्यासाहेबांनी, मला आत बोलावलं.

“या, कादंबरीकार!”

त्यांच्या पुढ्यात माझाच फॉर्म होता.

“हा बिरू पलटणीच्या दप्तरात बेपत्ता. तुमच्या अर्जात जिवंत. मेंढरं राखतोय, म्हणता. मग काय झालं हे?”

“चांगलं झालं, साहेब.”

“चांगलं झालं? अहो, फरारी झाला तो! तुमचं ते पुस्तक पाठ आहे ना? म्हणा कलम.”

मी म्हटलं. सुरुवात खणखणीत केली. ‘रणातून पळून गेलेल्या शिपायाची सर्व पदके जप्त होतील,’ इथवर येता येता आवाज बसला.

“आणि पुढे?”

“आणि… त्याला धरून हजर करावे.”

“झालंच आहे ते. कागद गेलाय धरून आणायचा.”

पाठ होतं हो मला! अक्षर न् अक्षर पाठ होतं. लिहिताना आठवलं नाही, इतकंच. जिवंत ठेवण्याच्या भरात मी त्या पोराला पळपुटा करून बसलो होतो.

मंगळवेढं पडलं संस्थानात. तेव्हा आमचा कागद इकडून तिकडे, तिकडून आणखी तिकडे, असा फिरत फिरत संस्थानच्या फौजदाराकडे पोचला. फौजदार घोड्यावर, मागे चार शिपाई. वाडीत जाऊन विचारलं, “बिरू कोण?” अहो, धनगरवाडीत बिरू विचारायचं? चार बिरू हजर झाले! एक सत्तरीतला, एक लंगडा, एक नुकताच नवरदेव झालेला, आणि एक पाळण्यातला. चौघांचाही पंचनामा झाला म्हणतात. पाळण्यातल्यानं फौजदाराची मिशी धरली, एवढाच काय तो सरकारी कामात अडथळा.

इकडे माझी झोप उडाली. तात्यासाहेबांनी बजावलं होतं, “यातून सुटायला एकच वाट. तिनं वारसाच्या फॉर्मवर अंगठा द्यायचा. जा, घेऊन या.” म्हणजे तो मेला असं तिच्या तोंडून वदवून आणायचं! मी रोज उद्यावर ढकलत होतो. ती रडत येईल, शिव्या देईल, काठी घालील, याची मनाची तयारी केली होती. काठी बसली असती तर बरंच वाटलं असतं.

आली. पण रडत नाही, हसत! पदराला गुळाचा खडा बांधलेला, खांद्यावर कोरी घोंगडी.

“साहेब, तोंड उगडा,” म्हणाली, आणि गूळ माझ्या हातावर ठेवला. “माजा बिरू जित्ता हाय!”

“कोण म्हणालं?”

“सरकार! घोड्यावर बसून फौजदार आला हुता की. चार मानसं दोन दीस रानात त्येला हुडकत हुती. न्हाय त्या मानसाला सरकार हुडकतंय व्हय? आट सालं मी येकलीच म्हनत हुते. वाडी हसत हुती मला. आता सरकार बी तेच म्हनतंय. लई उपकार झालं तुमचं.”

गूळ माझ्या तळहातावर तसाच. तोंड उघडायचं धाडस कुणाला?

“आन ही घोंगडी. आमच्याच मेंढरांची लोकर, मीच कातलीया. सरकारला त्यो घावला की द्या. लई थंडी सोसत न्हाय त्येला, ल्हानपनापास्नं.”

मी काय म्हणालो? “बरं,” म्हणालो. माझ्याइतका भित्रा माणूस तुम्ही पाहिला नसेल.

ती उठली, काठी घेतली, आणि काहीतरी आठवल्यासारखी पुन्हा टेकली. “त्यो फौजदार येक शबुद सारका म्हनत हुता. फरारी. फरारी म्हंजी काय वो?”

बाहेर गिरणीचा भोंगा वाजला. तो संपेपर्यंत मी टाक पुसत बसलो. मग तिनं पुन्हा विचारलं.

“म्हणजे… पळून गेलेला.”

“कुटनं?”

“लढाईतून.”

मग मी सगळं सांगून टाकलं. दुसरा फॉर्म, तो रकाना, माझी हुशारी, सगळं. खाली मान घालून सांगितलं. तो जिवंत आहे हे सरकारला कुठून कळलं नव्हतं, मीच लिहिलं होतं, हेही सांगितलं. तिला ते आधीच ठाऊक असल्यासारखं तिनं ऐकलं.

“मंग बिल्ला?”

“बिल्ला नाही मावशी. पळालेल्याला देत नाहीत.”

“आन तुमच्या कागुदात तसंच ऱ्हाईल? बिरू पळाला म्हनून?”

“जिवंत लिहिलंय तोवर.”

घोंगडीच्या काठाच्या दशा ती एकेक करून बोटानं सरळ करत होती. सगळ्या झाल्या, तेव्हा म्हणाली, “त्यो पयला कागुद आना.”

मी तो जपून ठेवला होता. कोपऱ्यावरचा शाईचा फराटा अजून तसाच होता. मी वाचायला लागलो तर तिनं हातानं थांबवलं.

“वाचू नगा. ठावं हाय त्यात काय हाय त्ये.” आणि अंगठा पुढे केला. “मेला म्हना साहेब. पर पळाला म्हनू नगा.”

तिचा अंगठा जराही हलला नाही. फराट्याच्या शेजारी ठसा स्वच्छ उमटला.

जाताना मी घोंगडी तिच्यापुढे धरली. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाली, “घरी नेऊन कुनाला घालू?” या खेपेला तिनं वळून बघितलं नाही.

मग मला वर लेखी कबुली द्यावी लागली, की मेंढरांची हकिकत ही अर्ज भरणाऱ्याची कल्पना होती. तात्यासाहेबांनी माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईनं शेरा मारला: ‘यांस नियम पाठ आहेत, समजत नाहीत.’ त्याच शाईनं, त्याच हातानं, बिरूच्या जिवंतपणीच्या फॉर्मवर त्यांनी लिहिलं: ‘रद्द.’

पदकं आली तेव्हा बायजाबाई पुन्हा तीच दोन दिवसांची वाट करून आली. तीन होती. तिनं तारा बाजूला ठेवला, चांदीचं उचललं, आणि तोच अंगठा त्याच्या कडेवरून हळूहळू फिरवत गेली. मी तिचं बोट धरून नावावर आणलं. अक्षरं इंग्रजी होती, पण बोटाला त्याचं काय?

“हितं?”

“हो, इथून सुरू होतं.”

“आन हितं सपलं?”

“हो.”

“ल्हानच हाय की नाव,” ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. असं तिनं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. डोळ्यांत कचरा गेला वगैरे मी सांगणार नाही. रडलो मी.

मग तिनं तारा हातात घेऊन फीत चिमटीत धरली. “साहेब, ह्येच्यावर कायबी लावत न्हाईत व्हय? बोडकी दिसती.”

माझं तोंड उघडलं. कलम जिभेवर तयार होतं: फ्रान्स, पहिले काही महिने, तोफेचा टप्पा. मी तोंड मिटलं. खण ओढला, ‘अनधिकृत फूल, नग एक’ असं लिहिलेलं पाकीट काढलं, आणि टाचणीनं ते फूल ताऱ्याच्या फितीवर लावलं. फाईल बांधायचा दोरा सोडला तर आयुष्यात सुई-दोऱ्याशी माझा संबंध आलेला नाही, त्यामुळे ते वाकडं बसलं. तिला ते सरळच दिसलं असावं.

घरी आल्यावर मी हे इमाम हवालदारांना सांगितलं. आधी त्यांची परवानगी घ्यायला हवी होती. शेवटी फूल त्यांचं होतं.

“बाबूजी, बिरू फ्रान्सला होता?”

“नाही.”

“मग?”

“हवालदार, जिलेबी खा आणि गप्प बसा.”

“आता कुटं जिलेबी?” ते हसले. मग आत जाऊन बायकोला म्हणाले, “अगं, तुझं फूल लढाईवर गेलं!”

या गोष्टीला आता दहा-बारा वर्षं झाली. बायजाबाई मागच्या साली वारली असं त्या बाजूचा एक जण सांगत होता. तिनं सोसायचं ते एकदा सोसलं, अंगठा दिला, आणि ती मोकळी झाली. अडकलो मी.

म्हणजे काय, सांगतो. दसरा होऊन गेला की धनगरांचे कळप निघतात. मंगळवेढ्याच्या रस्त्यानं गावाबाहेरून जातात. त्या दिवसांत मी संध्याकाळी ती घोंगडी खांद्यावर टाकतो आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहतो. घोंगडीवर माझा कुठल्याच कलमाखाली हक्क नाही, पण तिला ऊब आहे. एकेक कळप जातो. मी मेंढरं बघत नाही, मागच्या माणसांची तोंडं बघतो. चाळिशीच्या आसपासचा कुणी दिसला की नाव विचारतो. दर वर्षी एक-दोन तरी बिरू निघतातच. मग गाव विचारतो. गाव दुसरंच असतं. आमच्या मंडळी म्हणतात, “इकडून फिरायला जाणं होतं, आणि मेंढरांचा वास घेऊन येणं होतं.”

सरकार म्हणतं तो मेला. पलटण म्हणते मेला. जन्म देणारीनं अंगठा देऊन सांगितलं मेला. तो मेंढरांमागे गेलाय, परत आल्यावर हजर होईल, असं साऱ्या मुलखात एकाच कागदावर आहे. त्यावर ‘रद्द’ लिहिलंय, आणि ती हकिकत माझ्याच अक्षरात आहे! उभा जन्म मी नियमाचा माणूस. भरवसा ठेवला तो एका कागदावर, आणि तोही मीच मारलेल्या थापेचा.

हसा आता. मघाशी नको म्हणालो होतो, ते सोडा. फक्त लवकर आटपा, ऊन उतरलंय आणि मला त्या रस्त्याला जायचंय.